जर्मनीचा व्हिसा: आईचे नव्वद दिवस, आण्णांचा सातबारा आणि लांबच्या मुक्कामाची वाट

मी सांगली जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यातली. शिकायला म्हणून श्टुटगार्टला आले आणि इथेच नोकरीला लागले. तेव्हापासून घरात जर्मनीच्या व्हिसाचे सहा अर्ज झाले आणि पाच व्हिसा मिळाले. माझा शिक्षणाचा, नवऱ्याचा जोडीदार म्हणून, आईचा बाळंतपणाला येण्यासाठी, तिच्यानंतर सासूबाईंचा, आणि आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, दोनदा, कारण पहिला नाकारला गेला. आता गावाकडून कुणाचाही फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "अगं, जर्मनीच्या व्हिसाला काय काय लागतं?" प्रत्येकाला तासभर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

शुल्क आणि रकमा अधूनमधून बदलतात. म्हणून अर्जाच्या आदल्या आठवड्यात मुंबईच्या जर्मन वकिलातीच्या संकेतस्थळावरची यादी उघडून खाली दिलेला आकडा न् आकडा ताडून पाहा.

१. आधी ठरवा: कशासाठी आणि किती दिवस

"व्हिसा काढायचाय" हे पुरेसं नाही. जर्मनीसाठी ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. मुक्काम ९० दिवसांपर्यंत असेल तर शेंगेन व्हिसा, म्हणजे 'सी' प्रकार. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट. फिरायला जाणं, मुलांकडे राहायला जाणं, कंपनीच्या बैठका आणि प्रदर्शनं हे सगळं त्यात बसतं. ९० दिवसांच्या वर राहायचं असेल, किंवा शिकायचं, नोकरी करायची, नवऱ्याजवळ किंवा बायकोजवळ राहायचं असेल, तर राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे 'डी' प्रकार.

हा रस्ता मध्येच बदलता येत नाही, आणि बहुतेक लोक नेमके इथेच फसतात. "आधी पाहुणी म्हणून जाते, तिथे गेल्यावर पुढचं बघू" हा बेत करू नका. पाहुण्याच्या व्हिसावर उतरून तिथल्या तिथे विद्यार्थी किंवा नोकरदार होणं भारतीय पासपोर्टवर जवळपास अशक्य आहे. परत येऊन नवा अर्ज करावा लागतो. 'सी' व्हिसाची मुदतही सहसा वाढत नाही. गंभीर आजारपण किंवा तसंच काही हाताबाहेरचं कारण असेल तरच तिथलं कार्यालय विचार करतं.

हिंजवडीत काम करणाऱ्यांनो, तुम्हाला एक वेगळी सूचना. "दोन महिन्यांचं ऑनसाइट आहे, बिझनेस व्हिसावर जाऊन ये" असं मॅनेजर म्हणाला, तर तिथे जाऊन नक्की काय करायचं आहे ते लेखी मागा. बिझनेस व्हिसा बैठका आणि चर्चांसाठी असतो. ग्राहकाच्या ऑफिसात बसून रोज कोड लिहिणं म्हणजे काम, आणि कामाला कामाचा व्हिसा लागतो. सीमेवर प्रश्न तुम्हाला विचारतील, मॅनेजरला नाही.

२. नव्वद दिवसांचा हिशेब बोटांवर करा

नियम असा: कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. लोक याचा अर्थ "सहा महिन्यांतले तीन महिने" असा लावतात आणि जानेवारी ते जून, जुलै ते डिसेंबर असे कप्पे करतात. तसे कप्पे नसतात. ज्या दिवशी तुम्ही तिथे आहात, त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यातले किती दिवस शेंगेन देशांत गेले ते पाहायचं. उतरल्याचा दिवसही धरायचा आणि निघाल्याचाही.

समजा आई १ मार्चला उतरली आणि २९ मेला निघाली. मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, मेचे २९, झाले बरोबर ९०. आता तिला २७ ऑगस्टपर्यंत पाऊल ठेवता येणार नाही. २८ ऑगस्टला १ मार्चचा दिवस हिशेबातून गळतो, आणि तिथून पुढे रोज एकेक जुना दिवस गळत जातो. अर्थात तेव्हा हातात चालू व्हिसाही हवा. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर यासाठी गणकयंत्र आहे. तारखा घाला आणि खात्री करून घ्या.

बाळंतपणासाठी आईला बोलावणाऱ्या मुलींना हा हिशेब फार महत्त्वाचा. माझी डॉक्टरांनी दिलेली तारीख होती त्याच्या दोन आठवडे आधी आई आली. म्हणजे तारखेनंतरचे जवळजवळ ७६ दिवस हातात राहिले, आणि बाळ आठवडाभर उशिरा आलं तरी सव्वा महिना आरामात पार पडला. माझ्या मैत्रिणीच्या आईला हौस फार. ती दीड महिना आधीच येऊन बसली आणि बाळ पाच आठवड्यांचं असताना परत गेली. नव्वद दिवस माणशी असतात, घराला नसतात. म्हणून आधी आई आणि ती निघायच्या आठवड्यात सासूबाई, अशी पाळी लावता येते. आमच्याकडे दोघींची विमानतळावर भेट झाली आणि बाळाच्या मालिशचं तेल तिथेच हस्तांतरित झालं.

शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत. १ जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया आणि रोमानियाही पूर्णपणे आले. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसूनही शेंगेनमध्ये आहे, म्हणून आई-वडिलांना जर्मन व्हिसावर तिथला बर्फ दाखवता येतो. ब्रिटन आणि आयर्लंड मात्र शेंगेनमध्ये नाहीत. "जाता जाता लंडन" करायचं तर तिथला व्हिसा वेगळा.

३. अर्ज कुणाकडे करायचा

एकाच सहलीत तीन देश असतील तर जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे. "अमक्या देशाचा व्हिसा लवकर मिळतो" म्हणून तिथे अर्ज करायचा आणि सगळे दिवस मुलाकडे जर्मनीत काढायचे, ही युक्ती कुणी सांगितली तर हात जोडा. सीमेवर हॉटेलचं बुकिंग विचारलं तर बोलती बंद होते.

महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या जर्मन वकिलातीच्या अखत्यारीत येतात. शेंगेनचे अर्ज वकिलातीत थेट न जाता व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रात जमा होतात. केंद्र फक्त कागद आणि बोटांचे ठसे घेतं, निर्णय वकिलात करते. त्यामुळे खिडकीवरच्या माणसाला "होईल ना हो?" असं विचारून काही उपयोग नसतो. आण्णांनी दोनदा विचारलं होतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, काही वेळा ४५ पर्यंत जातात. पण खरा वेळ जातो तो अपॉइंटमेंट मिळण्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर जानेवारीतच तारखा बघायला लागा.

४. कागदांची थप्पी

आई-वडिलांना मुलाकडे किंवा मुलीकडे भेटीला यायचं असेल तर आम्ही लावलेली थप्पी अशी होती.

येणाऱ्याचे कागद:

- पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा, गेल्या १० वर्षांत काढलेला, दोन पानं कोरी असलेला. जुने पासपोर्टही सोबत.
- ऑनलाइन भरून छापलेला आणि सही केलेला अर्ज. प्रत्येकाचा वेगळा, नवरा-बायकोचा एकत्र नाही.
- फोटो ३५ गुणिले ४५ मिलिमीटर, पांढरट पार्श्वभूमीवर, अलीकडचा. गावातल्या स्टुडिओवाल्याला "शेंगेनचा फोटो" असं सांगा, नाहीतर तो गाल गुळगुळीत करून देतो.
- प्रवास विमा: किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि सगळ्या दिवसांसाठी लागू. उपचारांबरोबर मायदेशी परत आणण्याचा खर्चही त्यात हवा.
- विमानाचं जाण्या-येण्याचं आरक्षण. पैसे भरून पक्कं तिकीट आधी काढू नका.
- बँकेचं खातं-उतारा, शिक्का मारलेला.
- परत येणार याचे पुरावे: नोकरी असेल तर रजा मंजुरीचं पत्र आणि पगाराच्या पावत्या, निवृत्त असेल तर पेन्शनचे कागद, शेती असेल तर खाली बघा.

बोलावणाऱ्याचे कागद:

- निमंत्रणाचं पत्र. कोण, कधीपासून कधीपर्यंत, कुठे राहणार, खर्च कोण करणार, एवढंच. एक पान पुरतं.
- पासपोर्ट आणि निवासपरवान्याच्या कार्डाच्या प्रती, घराच्या पत्त्याची नोंद.
- खर्च तुम्ही उचलणार असाल तर फेरप्फ्लिश्टुंग्सएरक्लेरुंग. नावाला घाबरू नका, हे हमीपत्र. आपल्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन पगाराच्या पावत्या दाखवून काढायचं, शुल्क २९ युरो. मूळ प्रत भारतात पाठवावी लागते, म्हणून टपालाचे दिवस धरा. सहा महिन्यांपेक्षा जुनं झालेलं चालत नाही.

हे हमीपत्र म्हणजे नुसती औपचारिकता नाही. पाहुण्याच्या राहण्या-खाण्याचाच नव्हे, तर विम्याने न दिलेला दवाखान्याचा खर्चही सरकारवर पडला तर तो तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. म्हणून वयस्कर मंडळींचा विमा काढताना फक्त ३०,००० ची अट पुरी करून थांबू नका. आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का ते वाचा. आण्णांना बीपी आहे. पहिल्या पॉलिसीत बारीक अक्षरांत तेच वगळलेलं होतं, म्हणून जास्त पैसे मोजून दुसरी घेतली.

शेतकऱ्याच्या कागदांबद्दल कुठेच नीट लिहिलेलं सापडत नाही, म्हणून सविस्तर सांगते. यादीत आयकर विवरणपत्र असतं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे आण्णांनी ते कधी भरलेलंच नव्हतं. आम्ही काय लावलं? सातबारा, आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आणि साखर कारखान्याची उसाची बिलं, जी खात्यावर जमा झालेली उताऱ्यात दिसत होती. या सगळ्यांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून. वर एक साधं पत्र: माझं उत्पन्न शेतीचं आहे, ते करमुक्त आहे, म्हणून विवरणपत्र नाही. अधिकाऱ्याला सातबारा म्हणजे काय हे ठाऊक असेलच असं धरून चालू नका. भाषांतरावर 'जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद' असं लिहून घ्या. क्षेत्र हेक्टर-आरमध्येच राहू दे, गुंठ्यात नको.

५. नाव. फक्त नावावर एक दुपार घालवा

आपल्याकडचा हा खास घोळ. आईचं माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, लग्नात बदललेलं नाव रेशनकार्डावर, पासपोर्टवर तिसरंच. कुठे मधलं नाव वडिलांचं, कुठे नवऱ्याचं. माझ्या आईच्या पेन्शनच्या कागदांवर 'सौ.' सुद्धा नावाचा भाग होऊन बसला होता.

उपाय साधा आहे. पासपोर्टवरचं स्पेलिंग हेच खरं माना आणि अर्ज, विमा, विमानाचं आरक्षण, हमीपत्र, सगळीकडे तेच अक्षर न् अक्षर घाला. हमीपत्र काढताना मी आईचं नाव पाठ आहे म्हणून तोंडी सांगितलं आणि एक 'ए' कमी पडला. पुन्हा रांग, पुन्हा शुल्क. तेव्हापासून कुठेही जाताना पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मोबाइलवर असतो. बाकीच्या कागदांवर नाव वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र लावा. नाव रीतसर बदललेलं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राची प्रत.

६. पैसा: दाखवायला आणलेला पैसा दिसतो

आण्णांचा पहिला अर्ज इथे आपटला आणि चूक आमचीच होती. "खात्यावर भरपूर दिसलं पाहिजे" असं चार जणांनी सांगितलं, म्हणून काकांनी अपॉइंटमेंटच्या चार दिवस आधी पाच लाख आण्णांच्या खात्यात टाकले. उताऱ्यात तीन महिने चाळीस-पन्नास हजारांची ये-जा आणि शेवटच्या ओळीत एकदम पाच लाख. उतारा वाचायची सवय असलेल्या माणसाची नजर पहिल्यांदा त्याच ओळीवर जाणार.

दुसऱ्या वेळी आम्ही एक रुपयाही इकडचा तिकडे केला नाही. खर्चाची हमी माझी, खात्यावर उसाची बिलं जशी येतात तशी, आणि पत्रात दोन ओळी: मागच्या अर्जावेळी भावाने मदत म्हणून रक्कम टाकली होती, ती परत केली आहे. व्हिसा आला. मोठी रक्कम खरोखर आली असेल, मुदतठेव मोडली किंवा जमीन विकली, तर तिचा कागद लावा. तो लावायला जमत नसेल तर ती रक्कम खात्यात नसलेली बरी.

७. अपॉइंटमेंट आणि तो दिवस

अपॉइंटमेंट घ्यायला पैसे पडत नाहीत. तारीख "मिळवून देतो" म्हणणारे एजंट गल्लोगल्ली आहेत. एकाने आमच्या ओळखीच्यांकडून माणशी काही हजार घेतले आणि तारीख दिली ती दुसऱ्याच प्रकारच्या व्हिसाची. केंद्रावर गेल्यावर कळलं. तारखा अधूनमधून सुटतात, सकाळ-संध्याकाळ स्वतः बघत राहा.

शेंगेनचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना काही नाही. ते रुपयांत भरायचं, त्यावर केंद्राचं सेवाशुल्क. कुरिअर, एसएमएस, लाउंज या जास्तीच्या सेवा विचारतील. गावाकडून येणाऱ्यांनी कुरिअर घ्यावा, बाकीचं ऐच्छिक आहे.

आई आणि आण्णा रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले, सकाळी दादरला एका नातेवाइकांकडे अंघोळ-चहा, मग केंद्र. आत बोटांचे ठसे आणि फोटो. आईचे ठसे पहिल्यांदा उमटेनात, आयुष्यभर खडू आणि भांडी. केंद्रातल्या मुलीने ओल्या टिश्यूने बोटं पुसून पुन्हा घेतले तेव्हा उमटले. आधीच्या आठवड्यात हातांना खोबरेल चोळायचं, शेतात काम करणाऱ्यांनी तर नक्कीच. एकदा दिलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात.

८. स्टिकर मिळाला की आधी वाचा

व्हिसा मिळाल्याच्या आनंदात कुणी तो वाचत नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकतात. (तेही करू नका, पासपोर्ट क्रमांक दिसतो.)

स्टिकरवर तीन गोष्टी पाहायच्या. एक, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत. दोन, मुक्कामाचे दिवस. तीन, किती वेळा प्रवेश: ०१, ०२ की अनेक. यातल्या पहिल्या दोघांत गफलत होते. आईच्या स्टिकरवरची मुदत १०५ दिवसांची होती आणि मुक्काम ९० दिवसांचा. ते जास्तीचे १५ दिवस विमान पुढे-मागे झालं तर सोय म्हणून असतात, राहायला नसतात. आई शेजारणीला सांगत होती, "एकशे पाच दिवसांचा मिळालाय." मी स्टिकर हातात घेतला तेव्हा कळलं. आणि प्रवेश ०१ असेल तर मधेच लंडन करून परत जर्मनीत येता येत नाही.

ज्यांचे आई-वडील नेमाने येतात त्यांच्यासाठी चांगली सोय एप्रिल २०२४ मध्ये झाली. भारतात राहणाऱ्या भारतीयांनी गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन ते नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक हवी. ९० दिवसांचा नियम तेव्हाही सुटत नाही.

९. नाकारला गेला तर

छापील पत्र येतं, त्यात कारणांसमोर खूण केलेली असते. आपल्याकडच्या मंडळींना बहुतेकदा दोनच मिळतात: प्रवासाचं कारण विश्वासार्ह वाटलं नाही, किंवा मुदत संपण्याआधी परत जाल याची खात्री वाटली नाही. वाईट वाटतं. आण्णा आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. आई एकटीच विमानात बसली.

पूर्वी वकिलातीला 'फेरविचार करा' असं पत्र लिहिता येई. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने ती सोय सगळीकडे बंद केली. जुने लेख अजून ते पत्र कसं लिहायचं ते शिकवतात, त्यांच्या नादी लागू नका. आता दोनच मार्ग आहेत: नवा अर्ज, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. घरगुती भेटीसाठी नवा अर्जच शहाणपणाचा, पण ज्या कारणावर खूण आहे ते दुरुस्त करून. तोच गठ्ठा पुन्हा दिला तर तेच पत्र पुन्हा येतं. आणि आधीचा नकार लपवू नका, तो त्यांच्या संगणकात असतोच.

१०. लांबचा मुक्काम: शिकणारे, नोकरीवाले, जोडीदार

'डी' व्हिसाचं शुल्क ७५ युरो. अर्ज आता जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर आधी भरायचा, कागद तिथेच चढवायचे, ते तपासून झाले की ठसे आणि मूळ कागदांसाठी बोलावतात.

शिकणाऱ्यांनी एपीएसपासून सुरुवात करावी. भारतातल्या पदव्या खऱ्या आहेत का ते तपासणारं हे प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, शुल्क १८,००० रुपये. प्रवेश मिळाल्यावर ते काढायला धावणारे दरवर्षी सेमिस्टर गमावतात. त्यानंतर श्पेरकोंटो, म्हणजे गोठवलेलं खातं: सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे आणि इथे आल्यावर दरमहा ९९२ मिळतात. शैक्षणिक कर्ज मंजूर असलं तरी बँक ही रक्कम किती दिवसांत पाठवते ते शाखेत लेखी विचारा. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. त्यात खिशाचा खर्च निघतो, सगळं शिक्षण निघत नाही.

नोकरी हातात असेल तर ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधर नोकरदारांचा निवासपरवाना. पदवी जर्मनीत मान्य हवी आणि पगार ठराविक रकमेच्या वर. २०२५ साठी ती वर्षाला ४८,३०० युरो होती. माणसांची टंचाई असलेल्या व्यवसायांना आणि नव्या पदवीधरांना ४३,७५९.८० युरो. हा आकडा दर जानेवारीला बदलतो. आपलं विद्यापीठ 'अनाबिन' नावाच्या जर्मन यादीत 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, आहे का ते आज, आत्ता बघा. शोधायला पाच मिनिटं लागतात.

नोकरी नसेल आणि तिथे जाऊन शोधायची असेल तर जून २०२४ पासून शान्सनकार्ट आहे, म्हणजे संधी-कार्ड. शिक्षण, अनुभव, वय, भाषा यांचे किमान ६ गुण आणि वर्षभराच्या खर्चाची सोय लागते. त्यावर आठवड्याला २० तास काम करता येतं. माझं मत विचाराल तर जर्मन न येता हे कार्ड घेऊन येणं म्हणजे वर्षभराची बचत जाळणं. नियमानुसार इंग्रजीवर कार्ड मिळतं, नोकरी मात्र बऱ्याचदा जर्मनवर मिळते. आधी पुण्याच्या किंवा मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकून बी१, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत तरी जा.

जोडीदाराला आणायचं तर सर्वसाधारण नियम ए१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या जर्मनचा. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला त्यातून सूट आहे. माझ्या नवऱ्याला सूट होती, तरी तो ए१ करून आला, आणि पहिल्याच आठवड्यात बेकरीत त्याचा उपयोग झाला. आल्यावर जोडीदाराला कुठलीही नोकरी करता येते.

इथला मोठा सापळा अपोस्टिलचा, म्हणजे आपला कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून त्यावर मारतात त्या सरकारी शिक्क्याचा. विवाह नोंदणी प्रमाणपत्रावर अपोस्टिल करून देतो म्हणून एजंट हजारो रुपये घेतात. भारत अपोस्टिल करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतलेली आहे, म्हणून भारतातला अपोस्टिल जर्मनीत ग्राह्य धरत नाहीत. गरज वाटली तर जर्मन अधिकारी कागदाची पडताळणी स्वतः करून घेतात. तेव्हा लग्न झालं की महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी लगेच करा, नावं पासपोर्टप्रमाणे घाला, आणि अपोस्टिलचे पैसे वाचवा.

११. आई-वडिलांना कायमचं आणता येईल का

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जड प्रश्न. बहुतेकांसाठी उत्तर नाही असंच आहे. प्रौढ मुलांच्या आई-वडिलांना फक्त असाधारण अडचणीतच परवानगी मिळत असे. १ मार्च २०२४ पासून थोडी फट उघडली. ज्या कुशल कामगारांना त्या दिवशी किंवा त्यानंतर पहिल्यांदा तसा परवाना मिळाला, त्यांना आई-वडील आणता येतात, आणि जोडीदार इथे कायम राहत असेल तर सासू-सासरेही. माझा परवाना त्याच्या आधीचा, त्यामुळे आम्ही त्यात बसत नाही. जे बसतात त्यांची गाडी आरोग्य विम्यावर अडते. साठी-सत्तरीच्या माणसाला इथला पूर्ण विमा मिळणंच मुश्कील, आणि मिळाला तर हप्ता ऐकून गप्प बसावं लागतं. अर्ज करण्याआधी विमा कंपनीचं लेखी उत्तर हातात घ्या.

१२. उतरल्यावर

लांबच्या मुक्कामाला आलेल्यांनी घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची. तिला आनमेल्डुंग म्हणतात. घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो, म्हणून घर घेतानाच "नोंद करू द्याल ना?" हे विचारा. नोंद करू न देणारं स्वस्त घर फार महाग पडतं. मग व्हिसा संपायच्या आत निवासपरवान्याच्या कार्डासाठी अर्ज.

भेटीला आलेल्यांना असं काही नसतं, फक्त सीमेवरची खिडकी. १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी नोंदपद्धत सुरू झाली आहे. शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे घेऊन ये-जा संगणकात टिपतात. दिवसांचा हिशेब आता यंत्र करतं, त्यामुळे "शिक्का पुसट होता" वगैरे चालणार नाही.

हँडबॅगेत विमा, निमंत्रणाचं पत्र, परतीचं तिकीट, मुलीचा पत्ता आणि फोन कागदावर लिहिलेला, आणि गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी एवढं वरच ठेवायला सांगा. साजूक तुपाचा डबा आणि पेढे मात्र घरीच ठेवा. बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे आणि कस्टमवाले खरंच काढून घेतात.

आण्णांना मी दोनच वाक्यं पाठ करायला लावली होती, मुलीकडे आलोय आणि तीस दिवसांनी परत जाणार. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "व्हाय जर्मनी?" आण्णांनी दोन्ही वाक्यं म्हटली, वर मोबाइल पुढे धरून नातीचा फोटो दाखवला. तो हसला आणि पासपोर्ट परत दिला. मागच्या रांगेतल्या एका काकांना इंग्रजी जमेना, तेव्हा आण्णाच त्यांना मराठीतून समजावत थांबले होते, आणि मी बाहेर पाऊण तास घड्याळाकडे बघत उभी.